चिठ्ठीवर रेघ मारण्याआधी : प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र गरोदर बायकांना तपासणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे, गरोदरपणात मनाच्या आजाराची औषधं एकदम थांबवण्याबद्दल. कुणा एकाचं नाव यात येणार नाही. पहिल्या खेपेला ज्यांनी माझ्या चिठ्ठीवर रेघ मारली त्यांचं नाही, आणि दुसऱ्या खेपेला ज्यांनी मला समोर बसवून माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला त्यांचंही नाही.

रेघेची गोष्ट आधी सांगते.

सातवा आठवडा चालू होता. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मी फाइलमध्ये मुद्दाम सगळ्यात वर लावली होती, म्हणजे तोंडानं सांगावं लागणार नाही. तीन वर्षं मी सर्ट्रालिन, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, घेत होते. त्याआधी दोनदा डिप्रेशन झालं होतं, दुसऱ्या वेळी तर चार महिने कामावर जाता आलं नव्हतं. यातलं काहीच विचारलं गेलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, निळं पेन उचललं आणि सर्ट्रालिनवर एक तिरकी रेघ ओढली. इतकी दाबून, की खालच्या रक्ताच्या रिपोर्टवरसुद्धा तिचा वळ उमटला. "हे आजपासून बंद. आता बाळाचा विचार करायचा." त्याच कागदावर खाली फॉलिक ॲसिड लिहिलं, पुढची तारीख दिली, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

सगळं अर्ध्या मिनिटात आटोपलं. त्या डॉक्टर वाईट होत्या असं मला आजही वाटत नाही. बाहेर रांग होती, आणि त्यांना खरोखरच बाळाची काळजी होती. आणि मी तरी काय केलं? मान डोलावली. खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. रोज गोळी घेणं म्हणजे आपल्यात काहीतरी कमी असल्याची रोजची पावती, असं मी मनाशी धरून बसले होते. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी ती गोळी खोडली, तेव्हा ती पावतीच फाटल्यासारखं वाटलं. तुमच्या पेनाच्या एका फटकाऱ्याला आमच्या लेखी एवढं वजन असतं. हे तुम्हाला बहुधा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यातून सर्रकन वीज गेल्यासारखं होऊ लागलं. चक्कर यायची, रात्री घाम फुटायचा, भलभलती स्वप्नं पडायची. ही गोळी एकदम सोडल्याची लक्षणं होती. या जातीची औषधं झटक्यात थांबवली की पुष्कळांना असं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा घरातला जो तो म्हणत होता, "या दिवसांत होतंच असं." झोप लागेना, तेही या दिवसांत होतंच. जेवण समोर आलं की नको वाटायचं, तेही होतंच. उगीच रडू येणं, थकवा न जाणं, कशात लक्ष न लागणं, सगळ्याला तेच एक उत्तर. डिप्रेशनची निम्मी लक्षणं गरोदरपणातही दिसतात, डॉक्टर. आजार त्या एका वाक्याच्या आडोशाला बसून वाढत गेला आणि कुणालाच तो दिसला नाही. मलासुद्धा नाही.

विसाव्या आठवड्यातली एक सकाळ मला विसरता येत नाही. न्हाणीघरात बादलीखाली नळ सोडला होता आणि मी स्टुलावर बसले होते. बादली भरली, वाहायला लागली. नळ हाताच्या अंतरावर होता. हात पुढे करायचा आणि नळ फिरवायचा, एवढंच काम. ते मला दिसत होतं, समजत होतं, पण हात मांडीवरून उचलेना. पाणी दाराखालून बाहेर गेलं तेव्हा नवरा धावत आला. त्याला वाटलं, मी पाय घसरून पडले. मी म्हटलं, "मला इथंच बसू दे." त्या आठवडाभर मनात काय चाललं होतं ते मात्र त्याला सांगितलं नाही. आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल, हा विचार रोज येत होता. बाळ पोटात हलू लागलं होतं आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याची लाज तर त्या विचाराहूनही मोठी होती.

त्याच आठवड्यात तपासणीची तारीख होती. वजन झालं, बीपी झालं, बाळात काही व्यंग नाही ना हे पाहणारा ॲनॉमली स्कॅन झाला. "बाळ अगदी छान आहे." बाळ खरंच छान होतं. माझं वजन महिनाभर जागचं हललं नव्हतं, त्यावर "खात जा जरा" एवढं बोलणं झालं आणि मी बाहेर आले.

शेवटी नवऱ्यानंच मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी बंद कुणी केली, आणि मला कसं कळवलं नाही?" गोळी पुन्हा सुरू झाली. पण ही औषधं आज घेतली आणि उद्या गुण आला अशी नसतात. मला माणसात यायला सहा आठवडे लागले. बाळ छत्तिसाव्या आठवड्यात आलं, वजनानं जरा कमी. त्याचा माझ्या आजाराशी संबंध होता का, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि मी त्याचं खापर कुणावर फोडणार नाही. उपचार न झालेल्या डिप्रेशनमध्ये वेळेआधीची प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचं प्रमाण जास्त आढळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

माझं म्हणणं एकच आहे. औषध सुरू करणं हा जसा निर्णय असतो, तसा ते थांबवणं हाही निर्णयच असतो. त्यालाही धोके असतात, आणि तेही आईबरोबर बाळाला भोगावे लागतात. मग तो निर्णय अर्ध्या मिनिटात, एकट्यानं, ज्यांनी औषध लिहिलं त्यांना न विचारता घेऊ नका.

मी डॉक्टर नाही. पण बरी झाल्यावर मला स्वस्थ बसवेना, आणि हाताला लागेल ते मी वाचत गेले. २००६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. आधी डिप्रेशन झालेल्या आणि औषधावर बऱ्या असलेल्या २०१ गरोदर बायका त्यात होत्या. ज्या ८२ जणींनी औषध चालू ठेवलं त्यांच्यातल्या २१ जणींचा आजार उलटून परत आला, म्हणजे २६ टक्के. ज्या ६५ जणींनी थांबवलं त्यांच्यातल्या ४४ जणींचा उलटला, म्हणजे ६८ टक्के. ते आकडे वाचताना मी त्या चव्वेचाळीस जणींत स्वतःला मोजत होते.

सगळे अभ्यास असंच सांगतात असं मात्र नाही, आणि ते लपवलं तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. २०११ सालच्या एका मोठ्या अभ्यासात, तज्ज्ञांच्या खास क्लिनिकबाहेरच्या, सर्वसाधारण गरोदर बायकांमध्ये औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. तिथे ज्यांना आधी चार किंवा जास्त वेळा डिप्रेशन झालं होतं, त्यांना धोका अधिक होता. मला यातून कळतं ते असं, की आजार कुणाचा, किती जुना, किती वेळा आणि किती खोल आलेला, यावर सगळं अवलंबून आहे. एखादीचा आजार सौम्य असेल, ती बराच काळ बरी असेल, आणि समुपदेशनाच्या आधारानं, हळूहळू डोस उतरवत, लक्ष ठेवून तिचं औषध थांबवणं योग्यही ठरेल. पण ते ठरवायला तिचा इतिहास विचारावा लागतो. माझा कुणी विचारलाच नाही.

बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी खोल खचतं तर कधी बेभान उसळतं त्या आजारात, तर चित्र याहून गंभीर आहे. २००७ सालच्या ८९ बायकांच्या अभ्यासात, औषध थांबवणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त जणींचा आजार गरोदरपणातच उलटला. चालू ठेवणाऱ्यांत ते प्रमाण ३७ टक्के होतं. आणि ज्यांनी झटक्यात थांबवलं त्यांचा लवकर उलटला.

तुमची भीती कुठून येते हेही मला समजतं. थॅलिडोमाइड १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. झोपेसाठी दिलं जाई, गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जाई. १९६१ साली ते मागे घेतलं गेलं तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्माला आली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून त्याला परवानगी देण्याचं नाकारलं आणि तिथली कितीतरी बाळं वाचली. गर्भातल्या बाळापर्यंत काय पोहोचतं याबद्दल त्यानंतर डॉक्टर धास्तावले नसते तरच नवल. पण केल्सी यांनी पुरावा मागितला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मी तुमच्याकडे तेच मागतेय. एकेका औषधाचा पुरावा वेगळा बघा. 'मानसोपचाराच्या गोळ्या' असं एकच गाठोडं बांधून ते खिडकीबाहेर टाकू नका.

कारण या गोळ्या एकसारख्या नाहीतच. फिट्सवर आणि बायपोलरवर दिलं जाणारं सोडियम व्हॅल्प्रोएट घ्या. कुठलंही औषध न घेणाऱ्या आयांच्या पोटीसुद्धा शंभरातली दोन-तीन बाळं जन्मजात व्यंग घेऊन येतात. व्हॅल्प्रोएट गर्भात मिळालं तर ते प्रमाण शंभरात दहाच्या घरात जातं, आणि शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वाढणं यात अडचणी येतात. मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे औषध देताना गर्भधारणा होणार नाही याची पक्की व्यवस्था हवी, असा नियम युरोपात २०१८ साली कडक करण्यात आला तो उगीच नाही. इथे तुम्ही धोक्याची घंटा वाजवलीत तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण तेव्हाही बाईला घरी पाठवून "बंद कर" म्हणणं पुरेसं नाही. त्याच दिवशी तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना गाठून औषध बदलायचं कसं, कुठल्या वेगानं, याची आखणी व्हायला हवी.

बायपोलरवरच्या लिथियम या औषधाचा धोका पूर्वी फार मोठा मानला जात असे. २०१७ साली मोठ्या आकडेवारीतून दिसलं, की पहिल्या तीन महिन्यांत लिथियम घेतलं तर शंभर बाळांमागे साधारण एक जास्तीचं बाळ हृदयाच्या दोषाचं निघतं, आणि डोस जितका मोठा तितका धोका वाढतो. हे काही शून्य नाही. पण ज्या बाईचा आजार लिथियमवरच ताब्यात राहतो तिच्यासाठी दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे पाहिल्याशिवाय हा तराजू पुरा होत नाही.

माझ्या गोळीबद्दल, म्हणजे सर्ट्रालिन आणि तिच्या बहिणींबद्दल, २०१४ साली अमेरिकेतल्या सुमारे साडेनऊ लाख गर्भारपणांची आकडेवारी तपासली गेली. आईच्या आजाराचा आणि इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावर या औषधांमुळे हृदयाचे दोष लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. जन्मल्यावर बाळाच्या फुप्फुसातला रक्तदाब चढा राहण्याचा एक विकार आहे. तो एरवी हजारात दोन बाळांना होतो, गरोदरपणाच्या शेवटी ही औषधं घेणाऱ्या आयांच्या हजार बाळांत तिघांना, आणि इतर कारणं बाजूला काढली की हाही फरक आणखी आकसतो. जन्मानंतर काही दिवस बाळ किरकिरं राहू शकतं, हातपाय थरथरू शकतात, दूध ओढायला त्रास होऊ शकतो. दहातल्या तिघांना असं काहीतरी होतं आणि बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप निवळतं. हे सगळं मला आधीच सांगितलं असतं तर मी घाबरले नसते. दुसऱ्या वेळी सांगितलं होतं. बाळाचा हात थरथरताना पाहिला तेव्हा मी नर्सला हाक मारून शांतपणे म्हटलं, "याच्यावर दोन दिवस लक्ष ठेवायचं, असं ठरलंय."

आणखी एक गोष्ट मला कळली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नलिका गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. पाळीवरून मोजलं तर हा सहाव्या आठवड्याचा सुमार. मी तुमच्या टेबलासमोर सातव्या आठवड्यात आले होते. ज्या काळाची सगळ्यात जास्त भीती घातली जाते त्याचा काही भाग तोवर उलटून गेला होता, आणि गोळी थांबवण्याचे धोके तर पुढे उभेच होते. म्हणूनच ही बोलणी दिवस जाण्याआधी व्हायला हवीत. हे मानसोपचारतज्ज्ञांनाही सांगणं आहे: तरुण बाईला औषध लिहिताना मुलाचा विचार आहे का, हे एकदा तरी विचारा. मला तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

आता अर्ध्या गोळीबद्दल. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ही गोष्ट तुमच्या फाइलमध्ये कधीच येत नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिले काही दिवस मी ती नखानं मोडून अर्धीच घेत होते. कुणी सांगितलं नव्हतं. वाटलं, अर्धी घेतली म्हणजे बाळाचं निम्मं नुकसान आणि माझं निम्मं भलं. उरलेली अर्धी पट्टीच्या फाटक्या कागदात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. दुसऱ्या खेपेला तपासणीच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं माझ्या फाइलमधली चिठ्ठी पाहिली आणि कानाशी येऊन विचारलं, "तुम्ही रोज घेता? मी दिवसाआड घेते. घरी माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही." तिला सहावा महिना होता. तिचा हात पोटावर होता आणि ती दाराकडे बघत बोलत होती.

मी तिला तेच सांगितलं जे मला माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी समजावलं होतं. अर्धी गोळी घेतली तरी औषध वारेतून बाळापर्यंत जातंच. पण आजार आवरायला तेवढं पुरत नाही, म्हणून आजारही बाळापर्यंत जातो. आईची उडालेली झोप, न जाणारं जेवण, सारखा चढलेला ताण, चुकलेल्या तपासण्या, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. अर्ध्या डोसात बाळ दोन्ही सोसतं. घ्यायची तर आईला बरं ठेवेल एवढी पुरी घ्यायची, आणि शक्य तिथे एकाच औषधावर भागवायचं. ती बाई काही बोलली नाही. तिचं नाव पुकारलं गेल्यावर दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "आत गेल्यावर सांगू का मग?" मी म्हटलं, "सांगा." आत काय झालं ते मला माहीत नाही. डॉक्टर, तिनं सांगितलं तेव्हा टेबलापलीकडे तुम्ही असाल तर पेन उचलण्याआधी तिला खुर्ची पुढे ओढायला सांगा.

या बायका खोटं बोलतात असं समजू नका. त्यांना तुमची भीती वाटते. मेडिकलच्या काउंटरवरचा माणूससुद्धा पट्टी हातात धरून आधी आमच्या पोटाकडे बघतो आणि मग मोठ्यानं विचारतो, "हे तुम्हालाच हवंय ना?" मागची रांग ऐकत असते. एकदा असं झालं की पुढच्या वेळी बाई स्वतः जात नाही. नवऱ्याला पाठवते, किंवा पाठवायचंच टाळते.

दुसऱ्या गरोदरपणात सातव्या महिन्यात माझी झोप पुन्हा बिघडू लागली. या वेळी मी "या दिवसांत होतंच" म्हणून सोडून दिलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी डोस थोडा वाढवला. घरी सगळे दचकले: दिवस भरत आले आणि गोळी वाढवायची? पण गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं, मूत्रपिंडं जास्त वेगानं गाळतात, यकृतातली काही रसायनं दुप्पट जोमानं काम करतात तर काही मंदावतात. त्यामुळे तीच गोळी तेवढीच घेऊनही काही औषधांचं रक्तातलं प्रमाण खाली जातं. लिथियम आणि लॅमोट्रिजीन (हेही बायपोलरवर देतात) यांचं तर इतकं उतरतं की रक्त तपासून डोस सांभाळावा लागतो, आणि बाळंतपण झालं की लगेच पुन्हा खाली आणावा लागतो, नाहीतर औषध अंगावर चढतं. हे काम दोन तज्ज्ञांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय होणारं नाही. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी आमच्यासमोर फोन लावला, चार मिनिटं बोलल्या, आणि फोन ठेवून घरच्यांना म्हणाल्या, "डोस मीच वाढवायला सांगितला असं समजा." घरात तो विषय त्या दिवशी संपला.

चार मिनिटं. मी घड्याळाकडे पाहत होते म्हणून सांगते.

तुमच्या कपाटातल्या काही जुन्या पुस्तकांत औषधांपुढे ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं अजून छापलेली असतील. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ती १९७९ साली आणली आणि २०१५ पासून काढून टाकायला घेतली, कारण एका अक्षरावरून लोक गैरसमज करून घेत होते. 'सी' म्हणजे 'डी'पेक्षा कमी धोक्याचं, असं ते सरळ नव्हतंच. आणि २०२३ साली तुमच्याच शाखेच्या अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेनं स्पष्ट लिहिलं, की केवळ बाई गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे एवढ्याच कारणानं मानसिक आजाराचं औषध नाकारू नये किंवा थांबवू नये. ही शिफारस मानसोपचारवाल्यांनी तुमच्यावर लादलेली नाही. ती प्रसूतितज्ज्ञांनी प्रसूतितज्ज्ञांसाठी लिहिलेली आहे.

विचारणं हेही तुमच्याच हातात आहे. १९८७ साली एडिंबरोच्या नावानं दहा प्रश्नांचा एक कागद तयार झाला. बाळंतिणींसाठी बनवलेला, पण गरोदरपणातही वापरला जातो. पाच मिनिटांत भरून होतो, बाकावर बसल्या बसल्या. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. विसाव्या आठवड्यात तो कागद कुणी माझ्या हातात दिला असता तर मी खरं उत्तर लिहिलं असतं. तोंडानं मी ते कधीच सांगितलं नसतं.

आणि कृपा करून बाळंतपणाच्या खोलीतही ही गोळी आठवा. मी भरती झाले त्या रात्री फाइलवर सगळं लिहिलेलं असूनही ड्युटीवरच्या नर्सनं माझी पट्टी बाजूला ठेवली, "आता हे नको, आधी मोकळ्या व्हा." नवऱ्यानं पुन्हा फोन केला म्हणून ती रात्र चुकली नाही. बायपोलर असलेल्या बाईची अशी एखादी रात्र चुकणं आणि त्यात झोपही न होणं, हे फार धोक्याचं आहे. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा आजार, एरवी हजारात एक-दोघींना होतो, बायपोलर आजार असलेल्या बायकांत पाचातल्या साधारण एकीला, आणि बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची वर्षानुवर्षं बारकाईनं नोंद ठेवतात. बाळंतपणानंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळात गरोदरपण-बाळंतपणाशी थेट जोडलेल्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत तिथे आत्महत्या सगळ्यात वर आहे. रक्तस्राव थांबला, टाके सुकले, बाळ वजन धरू लागलं आणि तुमची तपासणी संपली, त्याच्या नंतरचा हा काळ आहे.

अंगावर पाजताना गोळी घ्यायची का, हेही मला पाच जणांनी पाच तऱ्हेनं सांगितलं. सर्ट्रालिन दुधात फार थोडं उतरतं, आणि पाजणाऱ्या आईसाठी पहिल्या पसंतीच्या औषधांत ते गणलं जातं. माझ्या धाकट्यानं दहा महिने दूध प्यायलं आणि मी दहा महिने गोळी घेतली.

हे वाचणारी एखादी बाई आत्ता पोटात बाळ घेऊन बसली असेल तर तिला एवढंच सांगते, बाई, या पत्रावरून गोळी सुरूही करू नकोस आणि बंदही करू नकोस. तुझ्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लाव.

डॉक्टर, माझ्या दुसऱ्या फाइलचं पहिलं पान मी जपून ठेवलं आहे. त्यावर लोहाची गोळी, कॅल्शियम आणि सर्ट्रालिन अशा तीन ओळी आहेत, एकाच पेनानं, एकाच अक्षरात. तिसऱ्या ओळीशेजारी माझ्या मानसोपचारतज्ज्ञांचा फोन नंबर लिहिलेला आहे. पहिली फाइलही त्याच पिशवीत आहे. रक्ताच्या त्या रिपोर्टवरून बोट फिरवलं की रेघेचा वळ अजून हाताला लागतो.

आपली,
दोन मुलांची आई, आणि तुमची पेशंट